राख वेगळी, स्लॅग वेगळा

वाशी-नेरूळकडे सिडकोच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास निघाला की सोसायटीच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो: "बिल्डर सिमेंटमध्ये राख घालतो म्हणे?" घालतो, आणि ते नियमात बसतं. पण आरएमसी प्लांटमध्ये, म्हणजे तयार काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्यात, सिमेंटसोबत पडणारी पूड दरवेळी राखच असते असं नाही. कधी ती फ्लाय ॲश असते, कधी स्लॅग. दोन्ही कारखान्यांचा टाकाऊ माल, म्हणून लोक दोन्हींना सरसकट राख म्हणतात.

फ्लाय ॲश औष्णिक वीज केंद्रातली. दळलेला कोळसा जळताना धुराबरोबर उडणारी राख चिमणीच्या आधीच अडवून गोळा करतात. स्लॅग म्हणजे झोतभट्टीत वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी मळी. आपल्याकडे जवळची भट्टी पेणजवळच्या डोलवीची. ही सुमारे १५०० अंशांची मळी पाण्याच्या फवाऱ्याने झटक्यात गार केली की काचेसारखे कण होतात. ते दळायचे. तीच सावकाश निवू दिली, तर खडी म्हणून वापरण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही.

आपल्याकडची राख एकटी पाण्यात घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत सुटणारा चुना मिळाला तरच ती कामाला लागते. म्हणून पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्केच. स्लॅगमध्ये चुना मुळातच भरपूर. त्याला सिमेंटने फक्त सुरुवात करून द्यावी लागते, दुधाला विरजण लावावं तशी. म्हणून स्लॅग सिमेंटमध्ये तो २५ पासून थेट ७० टक्क्यांपर्यंत चालतो.

राखेचेही गुण आहेत. तिचे कण गोल, त्यामुळे कमी पाण्यातही काँक्रीट पंपातून सहज सरकतं. पण तिच्यात न जळलेला कोळसा जास्त राहिला तर गडबड. आयएस ३८१२ हे राखेचं भारतीय मानक त्यावर ५ टक्क्यांची मर्यादा घालतं. वीज केंद्राची राख पाण्याबरोबर सोडतात त्या तळ्यातून उपसलेला ओला माल भरावाला ठीक, स्लॅबला नाही.

खाडीकाठी मात्र माझं मत स्लॅगला. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. खाऱ्या हवेने त्याच्या आतल्या तारा गंजल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा उभा राहिला. स्लॅगचं काँक्रीट जास्त घट्ट बसतं आणि मिठातलं क्लोराइड धरून ठेवतं, त्यामुळे मीठ सळईपर्यंत उशिरा पोचतं. जमिनीतल्या, काँक्रीट पोखरणाऱ्या सल्फेटसाठीही आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक निम्म्याहून अधिक स्लॅगचं सिमेंट सुचवतं. पाइल (पायाचे जमिनीत खोल जाणारे खांब) आणि त्यांच्या डोक्यावरच्या पाइल कॅपसाठी मी तेच मागेन. वरच्या मजल्यांचं वीटकाम, गिलावा पीपीसीत खुशाल करा.

ओळखायचं कसं? गोणीवर आयएस १४८९ भाग १ असेल तर राखेचं, ४५५ असेल तर स्लॅगचं. आरएमसीकडून मिक्स डिझाइनचा, म्हणजे काँक्रीटमधल्या मालाच्या प्रमाणाचा कागद मागा, त्यात किलोसकट लिहिलेलं असतं. स्लॅगच्या काँक्रीटचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा ठोकळा, फोडला की आतून निळसर-हिरवा दिसतो. तो पाहून "माल खराब" म्हणून आरडाओरडा होतो, पण हवा लागली की रंग आपोआप उडतो.

दोन्हींची खोड मात्र एकच: सुरुवातीला ताकद हळू येते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं तर यांना १०, आणि हवा कोरडी-उष्ण असेल तर १४. सेंटरिंग खोलायची घाई करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला हे आकडे करारातच लिहून द्या.