गोवर आणि कांजिण्या: पथ्य एकच नव्हे

'गोवर-कांजिण्या' हे शब्द आपण जोडूनच उच्चारतो, जणू एकाच आजाराची दोन नावं. अंगावर लाल उठलं, ताप आला, की पथ्यही एकच ठरतं: हलकं खा, कमी खा, आंबट-तिखट बंद. कांजिण्यांत यातलं अर्धं बरोबर निघतं. गोवरात मात्र 'कमी खा' हा सल्ला मुलाला महागात पडू शकतो.

आधी ओळख. कांजिण्यांचे फोड पाण्याने भरलेले आणि कमालीचे खाजणारे. ते लाटांनी येतात, म्हणून एकाच पाठीवर ताजा लाल ठिपका, टपोरा फोड आणि सुकलेली खपली शेजारीशेजारी दिसतात. गोवराच्या पुरळात पाणी नसतं. ते कानामागून, कपाळावरून सुरू होऊन खाली उतरतं, आणि त्याआधी काही दिवस चढता ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे असतात. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती गोवराची खूण. खात्री अर्थात डॉक्टरांनीच करायची.

कांजिण्यांत खाण्याची खरी अडचण असते तोंडात. टाळ्याला, गालाच्या आत, कधी घशातही फोड येतात, ते लगेच फुटतात आणि मागे उघडा व्रण राहतो. बाहेरून काहीच कळत नाही. माझ्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा 'क जीवनसत्त्व हवं' म्हणून मी तिला मोठ्या उत्साहाने संत्र्याचा रस दिला. एका घोटात ती किंचाळली, आणि संध्याकाळपर्यंत साध्या पाण्यालाही तोंड लावेना. मग टॉर्च मारून पाहिलं, तर टाळ्यावर चार पांढुरके व्रण, भोवती लालभडक कड. माझं जीवनसत्त्व थेट त्यांच्यावर ओतलं गेलं होतं.

म्हणून इथे पदार्थ निवडायचा तो किती मऊ आणि किती गार आहे ते बघून. दही, केळं, कुस्करलेला बटाटा, मऊ भात, मऊ अंडं, निवलेलं सूप. बर्फाचा खडा चोखायला दिला तर व्रण जरा बधिर होतो आणि तेवढंच पाणीही पोटात जातं. (अगदी लहान मुलाला खडा नको, घशात अडकतो.) लिंबू, टोमॅटो, खारट-कुरकुरीत, कढत हे सगळं व्रण भरेपर्यंत बाजूला. अंड्या-दुधाने फोड वाढतात या समजाला आधार नाही; उलट कातडी भरून यायला प्रथिनं लागतातच. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं असेल तर जेवणाआधी अर्धा तास द्यावं, घास सोपा जातो. अ‍ॅस्पिरिन मुलांना मुळीच नको; त्याने यकृत आणि मेंदूवर आघात करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळतात, कारण कांजिण्यांत त्याचा संबंध कातडीच्या गंभीर संसर्गाशी दिसला आहे. असायक्लोव्हिर (विषाणूविरोधी औषध) चालू असेल तर पाणी भरपूर, कारण ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं.

गोवराची गोष्ट तोंडापुरती नाही. तोंड त्यातही येतं, पण हा आजार शरीराचा साठाच उपसतो. जुलाब लागतात, ताप पाणी शोषून घेतो आणि अ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं. ते आधीच कमी असेल तर डोळ्यांवर संकट येतं, दृष्टीही जाऊ शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गोवराच्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाचे लागोपाठ दोन दिवस दोन डोस द्यायला सांगते: सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने १,००,०००, वर्षापुढे २,००,०००. हे डॉक्टरांनीच द्यायचं, जास्त झालं तर तेच विषारी ठरतं. गाजर खाऊन हा डोस भरून निघत नाही. गाजर खावं, पण औषध म्हणून नव्हे.

पुरळ मावळलं म्हणून गोवर संपला असं होत नाही. त्याचा विषाणू शरीराने आधीच्या आजारांतून कमावलेली प्रतिकाराची आठवणही पुसतो, त्यामुळे पुढचे काही महिने मूल इतर संसर्गांना सहज बळी पडतं. म्हणून भूक परतली की किमान दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्तीचं, तूप-तेल घातलेलं. कांजिण्यांत खपल्या धरल्या आणि तोंड बरं झालं की ताट नेहमीचं.

पिण्याचंही तसंच. कांजिण्यांत गार पाणी, दूध घोटाघोटाने पुरतं. गोवरात जुलाब असतील तर ओआरएस हवं, आणि ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाणी कमी घातलं तर मीठ जास्त होऊन उलटं बाधतं. तान्ह्याचं अंगावरचं दूध दोन्हींत चालूच ठेवायचं. सात-आठ तास लघवी नाही, मूल पाणीही घेईना, मलूल पडलं किंवा धाप लागली, तर खाण्यापिण्याचा विचार सोडून दवाखाना गाठायचा.

राहिला आजाऱ्याचा वेगळा पेला. ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही रोग हवेतून पसरतात. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत तिथे तरंगत राहू शकतो.