जॉन मॅकइवन : २३ दिवसांचे पंतप्रधान, २१ वर्षांचा वचक

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या यादीत जॉन मॅकइवन यांच्या नावावर जेमतेम २३ दिवस आहेत. १७ डिसेंबर १९६७ रोजी पंतप्रधान हॅरल्ड होल्ट समुद्रात पोहायला उतरले ते परतलेच नाहीत आणि दोन दिवसांनी मॅकइवन यांचा शपथविधी झाला. त्यांचं वजन मात्र या खुर्चीमुळे आलेलं नव्हतं.

जन्म १९०० सालचा, व्हिक्टोरियातल्या चिल्टर्नचा. लहानपणीच आई-वडील गेले, आजीने वाढवलं, तेराव्या वर्षी शाळा सुटली. १९१८ मध्ये सैन्यात भरती झाले, पण आघाडीवर जाण्याआधीच युद्ध संपलं. तरी माजी सैनिकांच्या योजनेतून स्टॅनहोपला ८६ एकर जमीन पदरात पडली आणि त्यांनी दुभती जनावरं पाळली. अपुरी जमीन आणि डोक्यावर कर्ज, यामुळे या योजनेतले कितीतरी जण शेती सोडून गेले. मॅकइवन टिकले.

१९३४ मध्ये ते कंट्री पार्टी या शेतकऱ्यांच्या पक्षातर्फे खासदार झाले. तीन वर्षांनी केंद्रात मंत्रिपद घेतलं, तर व्हिक्टोरियातल्या त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं, कारण तिथल्या मंडळींना दुसऱ्या पक्षाशी आघाडी मान्य नव्हती. पुढे आघाडीचं राजकारण कोळून प्यायलेल्या माणसाची ही सुरुवात!

१९४९ पासून व्यापार त्यांच्याच हाती राहिला; खात्याचं नाव तेवढं बदलत गेलं. सर्वांत धाडसी पाऊल १९५७ चं, जपानशी व्यापार कराराचं. युद्ध संपून बाराच वर्षं झाली होती आणि जपानी छावण्यांतून परतलेले कैदी गावोगावी होते. कापड गिरणीवालेही स्वस्त मालाच्या धास्तीने विरोधात. मॅकइवन हटले नाहीत. दहा वर्षांत जपान ब्रिटनला मागे टाकून ऑस्ट्रेलियन मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बनला.

त्याच वेळी शहरी कारखान्यांना आयात शुल्काचं कवच देणारेही तेच. यंत्रं महागतात म्हणून शेतकरी कुरकुरत. हा शेतकऱ्यांचा नेता की कारखानदारांचा, असा प्रश्न पडावा. कारखाने चालले तर वाढत्या लोकसंख्येला काम मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

होल्ट यांच्यानंतर लिबरल पक्षात, म्हणजे सत्तेतल्या आघाडीच्या थोरल्या पक्षात, अर्थमंत्री विल्यम मॅकमहन यांचा दावा भक्कम होता. कंट्री पार्टीचे नेते म्हणून मॅकइवन यांनी जाहीर केलं : मॅकमहन पंतप्रधान झाले तर माझा पक्ष सरकारात नसेल. दोघांचं व्यापार धोरणावरून जुनं वैर होतं, विश्वासही उरला नव्हता. धाकट्या भागीदाराने थोरल्याचा नेता अडवायचा, हे गणित मराठी वाचकाला नवं नाही. जॉन गॉर्टन पंतप्रधान झाले आणि मॅकइवन अधिकृतपणे उपपंतप्रधान. हे पद तोवर नव्हतंच.

१९६९ मध्ये त्यांनी ही आडकाठी काढली, पण तेव्हा पक्षनेतेपदाच्या लढतीत मॅकमहन गॉर्टनकडून हरले. १ फेब्रुवारी १९७१ ला मॅकइवन यांनी संसद सोडली. १० मार्चला मॅकमहन पंतप्रधान झाले.