टूलर कवायत

टूलर कवायत : चाकू वा तत्सम हत्यार घेऊन धावून येणाऱ्या हल्लेखोरापुढे पिस्तूलधाऱ्याला कितपत वेळ मिळतो, हे अजमावण्याची अमेरिकी पोलिस प्रशिक्षणातील कवायत. सॉल्ट लेक सिटी पोलिस दलातील शस्त्रप्रशिक्षक डेनिस टूलर यांनी १९८३ मध्ये एका लेखाद्वारे ती मांडली.

होल्स्टरमधून (कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल काढून ७ यार्डांवरील (२१ फूट, सु. ६.४ मी.) लक्ष्याच्या छातीवर दोन गोळ्या झाडण्यास सरावलेल्या नेमबाजाला सु. दीड सेकंद लागतो. सुदृढ प्रौढ माणूसही तेवढ्याच वेळात तेवढे अंतर धावून येतो, असे टूलर यांना आढळले. गोळी लागलेला माणूस जागीच कोसळेल अशी खात्री नसते, त्यामुळे ही बरोबरी बचाव करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

‘एकवीस फुटांचा नियम’ हा शब्दप्रयोग मूळ लेखात नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रशिक्षण-चित्रफितींमुळे तो रूढ झाला असावा. या अंतराच्या आत आलेल्या चाकूधाऱ्यावर गोळी झाडणे आपोआप समर्थनीय ठरते, असा अर्थ त्याला पुढे चिकटला. पट्टीबंद होल्स्टर आणि दचकल्यावर जाणारा वेळ लक्षात घेता २१ फूटही अपुरे आहेत, असे काही प्रशिक्षक म्हणतात. उलट पोलिस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेने २०१६ मध्ये हा नियम कालबाह्य ठरवून अंतर, आडोसा व वेळ या त्रयीचा पुरस्कार केला. दुसरे मत टूलर यांच्या मूळ म्हणण्याशी अधिक जुळते.

कारण फुटांच्या वादात त्यांचा मुख्य सल्ला मागे पडला : धोका दिसताच जवळच्या आडोशामागे सरका आणि पिस्तूल वेळीच बाहेर काढा. समोर नुसता चाकू असताना आडोसा कशाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता. मध्ये मोटार किंवा टेबल आले की हल्लेखोराला वळसा घ्यावा लागतो आणि बचाव करणाऱ्याला आणखी एखाददुसरा सेकंद मिळतो. जागेवर खिळून राहिल्यास हा लाभ हातचा जातो.

हल्लेखोराकडे बंदूक असल्यास आडोशाची कसोटी बदलते. झुडूप, सोफा, मोटारीच्या दाराचा पत्रा नजरेआड करतात, पण गोळी बहुधा अडवत नाहीत. मोटारीत इंजिन आणि चाकाची धातूची डिस्क हेच भाग त्यातल्या त्यात भरवशाचे. आडोशाला चिकटून न राहता थोडे मागे थांबावे, असे शिकवतात. घासून येणारी गोळी व कपच्या पृष्ठभागालगत जातात, शिवाय मागून दृष्टीही अधिक पोहोचते.

स्वसंरक्षणासाठी प्राणघातक बळ वापरण्यापूर्वी शक्य असल्यास मागे हटण्याच्या कर्तव्याबाबत अमेरिकेतील राज्याराज्यांचे कायदे भिन्न आहेत. ब्राउन विरुद्ध युनायटेड स्टेट्स (१९२१) या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी, उगारलेल्या सुऱ्यापुढे शांत विचाराची अपेक्षा धरता येत नाही, असे मत नोंदवले. त्या प्रकरणातील आरोपी पिस्तूल ठेवलेल्या आपल्या कोटापर्यंत २०-२५ फूट मागे सरकला होता.