रक्ताचा फेरा आणि हार्वेला न दिसलेली वाट

नागपुरात मेडिकल किंवा मेयो ह्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात हातपाय, पाठ दुखते म्हणून कळवळणारी सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं पाहिली की जीव तुटतो. हे दुखणं उठतं शरीरातल्या सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांत. नेमक्या ह्याच वाहिन्या माणसाला सर्वांत शेवटी सापडल्या.

दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्य गेलेनच्या मते रक्त यकृतात तयार व्हायचं, नीलांतून (आज ज्यांना आपण हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्या म्हणतो) अवयवांकडे जायचं आणि तिथंच संपायचं. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं आहेत, त्यांतून थोडं रक्त डावीकडे झिरपतं, असंही तो सांगे. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी हे खोडून काढलं: पडद्याला छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं. तरीही युरोपात पुढची कित्येक शतकं गेलेनचाच शब्द चालला.

तो मोडला इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने, 1628 मध्ये. त्याचा प्रयोग आजही कुणाच्याही हातावर करता येतो. रक्त काढताना बांधतात तसा पट्टा दंडाला बांधला की कोपराखालची नीला फुगते, तिच्यावर मधेमधे गाठी दिसतात. त्या तिच्यातल्या झडपा. एका बोटाने नीला दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या झडपेपलीकडे रक्त सारायचं. मधला भाग रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. म्हणजे नीलेतलं रक्त हृदयाकडेच जातं. हार्वेने हिशेबही मांडला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळजवळ 5 लिटर. अंगात एकूण रक्तच तेवढं! दर मिनिटाला नवं रक्त कुठून येणार? तेच फिरतं, रोहिण्यांतून बाहेर आणि नीलांतून परत.

पण रोहिणीतून नीलेत ते जातं कसं, हे हार्वेला दिसलं नाही. तो 1657 मध्ये गेला. 1661 मध्ये मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्या सगळ्यांत बारीक, रोहिणी आणि नीला जोडणाऱ्या वाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या पाहिल्या आणि फेरा पूर्ण झाला.

काही केशवाहिन्या तांबड्या पेशीपेक्षाही अरुंद असतात. निरोगी पेशी वाकून, दबून निघून जाते. सिकलसेलच्या पेशीने ऑक्सिजन सोडला की तिच्यातलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते आणि अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, हाडं ठणकू लागतात. अशा पेशींची नोंद 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी केली, आणि दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे 1949 मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखवलं.

अंगातलं पाणी कमी झालं की ह्या पेशी आणखी लवकर वाकतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हा धोका फार वाढतो. शिवाय ह्या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे त्यांना वारंवार जावं लागतं आणि पाणीही जास्त लागतं. वर्गात अशा मुलाने पाण्याची बाटली काढली किंवा बाहेर जाऊ का विचारलं, तर गुरुजींनी, मॅडमनी त्याला अडवू नये.