*हळूच दार उघडते*: आरपीतल्या अ‍ॅक्शनची पार्श्वभूमी

आजकाल डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर आरपी (रोलप्ले, म्हणजे एखादं कॅरेक्टर घेऊन त्याच्या वतीने लिहीत गोष्ट खेळणं) करणारी पोरं *हळूच दार उघडते* असं स्टारमध्ये टाकून मोकळी होतात, पण ही पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. आणि खरं सांगायचं तर स्टार हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. भांडण पहिल्यापासून एकाच गोष्टीवर: कॅरेक्टरने काय केलं हे लिहायचा हक्क कोणाचा.

सुरुवात टेबलावर झाली. १९७४ ला अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला, त्यात तुम्ही तोंडाने सांगायचं की मी दार ढकलतो, आणि ते उघडलं की नाही ते डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवणार, लागलं तर फासे टाकून. म्हणजे प्रयत्न तुमचा, निकाल त्याचा. मग १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉने मड लिहायला घेतलं (मल्टी-युजर डंजन, अनेकांनी एकत्र खेळायचा अक्षरांचा कॉम्प्युटर गेम, चिखल नव्हे), रिचर्ड बार्टलने ते पुढे वाढवलं, आणि तिथे पंच झाला कॉम्प्युटर. प्रोग्रामला जेवढी क्रियापदं माहिती तेवढंच तुम्ही करणार, यादीत नसेल तर विषय संपला.

खरा बदल १९८९ चा. कार्नेगी मेलनमधल्या जिम अ‍ॅस्पनेसने टायनीमड काढलं, राक्षस मारून पॉइंट कमवायची भानगड जवळपास बाजूलाच ठेवली, लोकांनी खोल्या बांधायच्या आणि गप्पा हाणायच्या. इथे पोज कमांड होती, म्हणजे कोलन टाइप करून पुढे काहीही लिहा, सर्व्हर तुमचं नाव आधी चिकटवणार. तुम्ही ":खांदे उडवते" टाकलं की सगळ्यांना "सायली खांदे उडवते" दिसणार. आरपीत आपण स्वतःच्या कॅरेक्टरबद्दल तिसऱ्या माणसासारखं लिहितो त्याचं एक मोठं कारण हे आहे, साहित्यिक वगैरे काही नाही, नाव सर्व्हर लावायचा म्हणून क्रियापद तसं आलं. पुढच्या काही सर्व्हरवर सेमीकोलन आला, त्यात नावानंतर स्पेस पडत नाही. इंग्रजीत तो मालकी दाखवायच्या एससाठी उपयोगी, पण मराठीत लिहायचं असेल तर मला तो जास्त कामाचा वाटतो, कारण "सायलीने दार लोटलं" यातला ने नावाला चिकटूनच पाहिजे ना.

आयआरसीची, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या ग्रुप चॅटची, गोष्ट थोडक्यात. १९८८ ला फिनलंडमधल्या औलूला यार्को ओइकारिनेनने ते बनवलं, तिथे स्लॅश मी (/me, पुढे लिहिलेलं तुमच्या नावाने कृती म्हणून दिसायचं) ही कमांड रुळली आणि बऱ्याच प्रोग्राममध्ये अशी ओळ एका स्टारने सुरू व्हायची. ही सोय नव्हती तिथे लोकांनी हाताने स्टार टाकले असावेत असा माझा अंदाज. २००४ च्या मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) एकेरी स्टार म्हणजे तिरकं अक्षर, डिस्कॉर्डने तेच उचललं, त्यामुळे तिथे स्टार गायब होऊन अ‍ॅक्शन तिरकी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच केलं की ठळक होतं आणि बिचारी सायली हळूच दार उघडतानाही ओरडल्यासारखी वाटते.

आता हक्काचा मुद्दा. पंच गेला की कोणीही काहीही लिहू शकतो, आणि याचं सगळ्यात वाईट उदाहरण लॅम्डामूवरचं, म्हणजे झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या पॅव्हेल कर्टिसने १९९० मध्ये उभ्या केलेल्या, मडसारख्याच अक्षरांच्या दुनियेतलं. १९९३ ला तिथे मिस्टर बंगल नावाच्या कॅरेक्टरने असा प्रोग्राम वापरला की दुसऱ्यांची कॅरेक्टर्स काहीतरी करतायत अशा ओळी त्यांच्या नावाने स्क्रीनवर यायच्या, त्यांनी टाइप न करता. आणि त्या ओळी लैंगिक हिंसेच्या होत्या. नुसती अक्षरंच तर होती असं म्हणणारे तेव्हाही होते, पण ज्यांच्या नावाने लिहिलं गेलं त्यांना झालेला त्रास खरा होता. ते कॅरेक्टर काढून टाकलं गेलं आणि नंतर कर्टिसने लोकांनी मतदान करून निर्णय घ्यायची पद्धत आणली.

आजचा गॉडमॉडिंग (दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं काय झालं ते आपणच लिहून टाकणं) नको हा नियमही याच प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त रोजच्या वापरातलं. *त्याच्या थोबाडीत देते* लिहिलं तर समोरच्याचा गाल तुम्हीच वापरलात, *त्याच्यावर हात उगारते* लिहिलं तर चुकवायचं, पकडायचं की खायचं ते तो ठरवणार. टेबलावर जो निकाल डंजन मास्टर द्यायचा तो आता समोरचा प्लेयर देतो, एवढाच फरक. नवीन लोक नेमके इथेच अडकतात, स्टार मात्र पहिल्या दिवशी येतात.

आणि २०२२ नंतर कॅरेक्टर एआयसारखे बॉट आले, तेही अ‍ॅक्शन तिरक्या अक्षरातच लिहितात, आणि लोकांची तक्रार तीच जुनी, की बॉट माझ्या कॅरेक्टरच्या वतीने बोलतो, हसतो, रडतो. मग लोक त्याला आधीच बजावतात की माझं कॅरेक्टर तू चालवायचं नाही. तो चार मेसेज ऐकतो आणि पाचव्याला परत तुमच्या डोळ्यात पाणी आणतो.