झाडावरची कलकलाटी कोंबडी

मेक्सिकोच्या पूर्वेकडील झुडपी रानात उजाडायच्या सुमारास चाचालाका पक्ष्याचा एक नर 'चा-चा-लाक' असा खरखरीत सूर लावतो, मादी वरच्या पट्टीत त्याला साथ देते, मग शेजारची जोडी गळा काढते आणि बघता बघता हा कल्ला एका टोळीकडून दुसरीकडे सरकत जाऊन सारे रान दणाणून सोडतो. आपल्याकडे टिटवीचे नाव तिच्या ओरडण्यावरून पडले. या पक्ष्याचे 'चाचालाका' हे नावही तसेच, आणि मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'बडबड करणे' असा आहे.

ऑर्टालिस या प्रजातीत चाचालाकांच्या सुमारे 16 जाती मोडतात. त्यांपैकी साधा चाचालाका टेक्सासच्या दक्षिण टोकापासून कोस्टा रिकापर्यंत आढळतो. लांबी सुमारे 50 ते 58 सेंटिमीटर, त्यात लांब शेपटीचा वाटा मोठा. रंग मातकट, डोके राखाडी. दिसायला तसा सामान्यच म्हणायचा.

हा पक्षी कोंबड्यांच्याच गणातला, मात्र कुळ वेगळे. आपला रानकोंबडा रात्री झाडावर झोपत असला, तरी दिवसभर जमिनीवरचा पालापाचोळा उकरतो आणि त्याची मादी अंडीही जमिनीवरच घालते. चाचालाका फळे, कळ्या आणि कोवळी पाने बहुधा फांद्यांवर फिरून खातो, घरटेही झाडावर बांधतो. रानकोंबड्याच्या पायाचे मागचे बोट इतर बोटांपेक्षा वर असते. चाचालाकाचे ते पुढच्या बोटांच्याच पातळीवर असल्याने फांदीला घट्ट विळखा बसतो.

आवाजाचे गुपित नराच्या श्वासनलिकेत आहे. ती सरळ फुप्फुसांकडे न जाता कातडीखालून छातीच्या स्नायूंवर उतरते आणि वळसा घेऊन परत वर येते. बासरी जितकी लांब तितका तिचा सूर खालचा, त्याच न्यायाने या लांबलेल्या नळीमुळे नराचा आवाज मादीपेक्षा सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मादीच्या नळीला असा वळसा नसतो, म्हणूनच पहाटेच्या गोंगाटात नर कोण आणि मादी कोण हे न पाहताही ओळखता येते.

टोबॅगो बेटावरील याच प्रजातीतल्या पक्ष्याला 'कोक्रिको' म्हणतात. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या 1962 च्या राजचिन्हावर तो लाल शराटी या पक्ष्याच्या जोडीने मानाने उभा आहे. टोबॅगोतील शेतकरी मात्र भाजीपाल्याची नासाडी करणारा म्हणून त्याच्या नावाने खडे फोडतात.