सेलेनियम-न्यूनता आणि कुक्कुटांतील स्नायुविकृती

खाद्यात सेलेनियम हे सूक्ष्म खनिज कमी पडल्याने कोंबडी, टर्की व बदक यांच्या वाढत्या पिलांच्या स्नायूंचा जो ऱ्हास होतो, त्याला सेलेनियम-न्यूनताजन्य स्नायुविकृती म्हणतात. सेलेनियम कोंबडीच्या पिलांना आवश्यक असल्याचे १९५७ मध्ये अमेरिकेत दिसून आले. तोवर हे मूलद्रव्य मुख्यतः विष म्हणूनच परिचित होते.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमाचा सेलेनियम हा घटक आहे, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. स्नायुपेशीत तयार होणारी पेरॉक्साइडे हे एंझाइम नष्ट करते, तर ई जीवनसत्त्व पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण थोपवते. त्यामुळे एकाची उणीव दुसरे काही अंशी भरून काढते आणि दोन्ही कमी पडली, किंवा खाद्यातील तेल खवट होऊन ई जीवनसत्त्व नष्ट झाले, की स्नायुतंतू मरू लागतात. कोंबडीच्या पिलांत मात्र गंधकयुक्त ॲमिनो अम्लांची कमतरताही जोडीला असावी लागते. छातीच्या व मांडीच्या मांसात तंतूंच्या दिशेने पांढुरक्या रेषा उमटतात, पिले लंगडतात आणि रक्तातील क्रिएटिन कायनेजचे (इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या एंझाइमाचे) प्रमाण वाढते. टर्की व बदकांत गिझर्डच्या (दाणे दळणाऱ्या स्नायुमय जठराच्या) आणि हृदयाच्या स्नायूंना अधिक इजा होते. याच न्यूनतेने पिलांच्या छाती-पोटाच्या कातडीखाली हिरवट-निळसर द्रव साचतो; शेडमध्ये हे लक्षण मांसातील रेषांपेक्षा आधी नजरेस पडते.

मका व सोयाबीन पेंडीतील सेलेनियम पीक घेतलेल्या जमिनीवर अवलंबून असते. चीनच्या ईशान्येकडील जमिनीत ते फार कमी आहे, तर पंजाबातील होशियारपूर-नवांशहर भागात काही ठिकाणी ते घातक ठरण्याइतके जास्त आहे. म्हणून खाद्यातील घटकांची नावे पाहून सेलेनियमचा अंदाज बांधणे फोल ठरते.

लंगडणाऱ्या प्रत्येक पिलाला हा विकार नसतो. मँगॅनीजच्या कमतरतेत घोट्याजवळील कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जागेवरून सरकते व स्नायू मूलतः निरोगी असतात. वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या छातीवरील पांढरे पट्टे व काठिण्य ही अलीकडची विकृतीही केवळ सेलेनियम देऊन हटत नाही.

ब्रॉयलरची गरज दर किलो खाद्यात सुमारे ०.१५ मिग्रॅ. मानली जाते. सोडियम सेलेनाइट किंवा सेलेनियमयुक्त यीस्ट खाद्यात मिसळतात. अमेरिकेत या पूरक सेलेनियमची मर्यादा दर किलोस ०.३ मिग्रॅ. आहे. सुमारे ५ मिग्रॅ.च्या पुढे अंड्यांतील भ्रूणांत व्यंगे येतात व उबवण घटते, त्यामुळे ते आधी मोठ्या प्रमाणातील भुकटीत एकजीव करून मगच खाद्यात घालतात.